खेळू द्या मुलांना, त्यांच्याच नियमांनी

‘नुसता खेळत असतो, अभ्यासाचं नाव नाही!’ ही तक्रार वस्तीत घरोघरी ऐकू येते. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की मोबाईल. त्यातूनही पोर गल्लीत पळालंच तर आपल्याला वाटतं, वेळ फुकट गेला. आई चार घरची धुणीभांडी करते, बाप दिवसभर रिक्षा चालवतो, तेव्हा कुठे शिकवणीची फी निघते. त्यांना असं वाटणं साहजिक आहे. शिक्षणाचं मोल आपल्या घरांना कोणी सांगायला नको. पण वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या आम्हा परिचारिका आणि कार्यकर्त्यांना एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मोकळा खेळ अभ्यासाचा शत्रू नाही. जेवण आणि झोप यांच्याइतकीच ती वाढत्या मुलाची गरज आहे.

मोकळा खेळ म्हणजे ज्यात शिट्टी वाजवणारे सर नाहीत, फी नाही, बक्षीस नाही. काय खेळायचं, कसं खेळायचं आणि कधी थांबायचं, हे मुलंच ठरवतात. लसीकरणासाठी गल्लीबोळातून फिरताना असे खेळ आम्ही रोज बघतो. टँकरची वाट बघत रांगेत ठेवलेल्या हंड्यांमधून मुलं नागमोडी पळतात. हंडा हलला की बाद. दोन चपला ठेवल्या की झाले स्टंप. चेंडू कुणाच्या घरात गेला की आऊट, कारण तिथून मिळणारा ओरडा सगळ्यांना माहीत असतो. हे नियम कुठल्या पुस्तकात नाहीत. जागा केवढी, पोरं किती, सामान काय, हे बघून मुलांनी ते स्वतः घडवलेले असतात.

यात डोकं किती चालतं, ते बघा. राज्य कुणावर, हे सुटून ठरवायचं. वाद झाला तर मिटवायचा, नाहीतर खेळ मोडतो. हरलं तरी उद्या परत यायचं. दम लागला तर ‘टाइमप्लीज’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी ते मानायचं. सगळ्यात लहान असेल त्याला ‘कच्चा लिंबू’ करायचं, म्हणजे तो खेळेल पण बाद होणार नाही. लहानग्याला बाहेर न ठेवता खेळात कसं घ्यायचं, हे मुलांना कुणी शिकवलेलं नसतं. दुसऱ्याचं ऐकणं, आपलं म्हणणं मांडणं, राग आवरणं हे पाठ करून येत नाही. ते गल्लीत, रोज थोडं थोडं येतं.

आता शरीराचं बघू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी निदान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. ३ आणि ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल करावी आणि बसून स्क्रीन बघणं एका तासाच्या वर जाऊ नये. लंगडी, लगोरी, डबा ऐसपैस यांत हा तास कधी भरतो ते कळतही नाही. हाडं आणि स्नायू बळकट होतात, भूक लागते, रात्री शांत झोप लागते. रोज बाहेरच्या उजेडात वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचं अंधुक दिसण्याचा दोषही कमी आढळतो. अंधाऱ्या खोलीत मोबाईल धरून बसलेल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही.

‘आमच्याकडे कुठे बाग, कुठे झोपाळे?’ असं काही आया विचारतात. डेन्मार्कमध्ये सोरेनसन नावाचे एक उद्यान रचनाकार होते. आखीव मैदानांपेक्षा मुलं बांधकामावरच्या भंगारातच जास्त रमतात, हे त्यांनी हेरलं. मग १९४३ साली कोपनहेगनच्या एम्ड्रप भागात मुलांसाठी असं मैदान सुरू झालं, जिथे फळ्या, विटा आणि टाकाऊ सामान होतं. मुलांनी त्यातून हवं ते उभारलं. पुढे ही कल्पना इतर देशांतही पसरली. आपल्या मुलांकडे जुना टायर, बाटल्यांची झाकणं, खोकी आहेतच. कमी आहे ती सुरक्षित जागा आणि मोठ्यांची परवानगी.

ही परवानगी सर्वात आधी मुलींची काढून घेतली जाते. मुलगी दहा वर्षांची झाली की तिच्या कडेवर धाकटं भावंड आणि हातात पाण्याची कळशी येते. पाळी सुरू झाली की खेळ कायमचा बंद. पाळीत खेळल्याने कुठलाही अपाय होत नाही. उलट हालचालीने पोटदुखीला आराम पडू शकतो. भाऊ बाहेर खेळत असताना तिने भांडी घासत बसायचं, हा आजार नाही. हा अन्याय आहे, आणि तो आपल्याच घरात होतो.

भीती खरी आहे. उघडी गटारं, लोंबत्या तारा, सुसाट मोटरसायकली, भटकी कुत्री. पण त्यावर उपाय मुलांना कोंडणं नव्हे. तो धोका दूर करणं हे मोठ्यांचं काम आहे. खरचटलं तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. माती, चुना, टूथपेस्ट लावू नका. कुत्रा चावला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. डोक्याला मार लागून उलट्या, गुंगी किंवा झटके आले, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. धनुर्वाताच्या लसी वेळेवर द्या.

खेळ ही मुलांना दिलेली सवलत नाही. बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमात खेळण्याचा हक्क आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शाळेला मैदान असावं, असं म्हटलं आहे. तरी वस्तीतली मोकळी जागा कधी गाड्यांनी भरते, कधी राडारोड्याने.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं ठरवूया. संध्याकाळचा एक तास एका गल्लीत गाडी येणार नाही. महिला मंडळाने ती गल्ली काचा आणि खिळ्यांपासून साफ ठेवावी. उघड्या गटारावर झाकण हवं, असा अर्ज वॉर्ड ऑफिसात सगळ्यांच्या सह्यांनी द्यावा. त्या तासात मुलींनाही घरकामातून सुट्टी. एका मोठ्या माणसाने लांबून लक्ष ठेवावं, पण खेळात पडू नये. नियम मुलांना करू द्या. ते आपल्यापेक्षा बरे नियम करतात.