नोकरी नेमकी कोणाकडे?

गणपतीच्या आगेमागे मोठ्या दुकानांची भरती सुरू होते. दसरा-दिवाळीच्या गर्दीत माणसं कमी पडू नयेत म्हणून बिलिंगला, फ्लोअरवर, मागच्या गोदामात नवी मुलं घेतली जातात. दाराशी कागद लागतो, व्हॉट्सॲपवर जाहिरात फिरते: बारावी पास, फ्रेशर चालेल, आधार, पॅन, पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन या. मी कराडला वाणिज्य शाखेला शिकवते. या दिवसांत जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येतात, ‘मॅडम, जाऊ का?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: जरूर जा.

घरच्यांना हे उत्तर फारसं रुचत नाही. मुलगी बँकेत आहे हे चारचौघांत सांगताना जो आवाज निघतो, तो ‘मॉलमध्ये कामाला आहे’ म्हणताना निघत नाही. पाच-पाच वर्षं स्पर्धा परीक्षेच्या खोलीत बसलेल्या मुलाला नातेवाईक धीर देतात, आणि बाविसाव्या वर्षी घरात पगार आणणाऱ्या मुलीला विचारतात, ‘हे तात्पुरतंच ना?’ मला याचा राग येतो. कारण नोकरी तात्पुरती आहे असं आपणच ठरवून टाकलं, की ती घेताना काय बघायचं, काय विचारायचं, हे त्या पोरांना कुणी शिकवतच नाही.

खरं तर मोठं दुकान महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईत नायगावला १९४८ साली सहकारी भांडार म्हणून सुरू झालेला ‘अपना बाजार’ कामगार वस्तीतल्या घराघरांत पोचला होता. त्याच ‘अपना बाजार’ची नेरुळची फ्रँचायजी १९९९मध्ये राधाकिशन दमाणी यांनी चालवायला घेतली, त्यातून हा धंदा समजून घेतला, आणि २००२ साली पवईत ‘डी-मार्ट’चं पहिलं दुकान उघडलं. २०१७मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. दुसरीकडे २००१मध्ये सुरू झालेला किशोर बियाणींचा ‘बिग बझार’ एकेकाळी घराघरांत माहीत होता. २०२२मध्ये त्याची शेकडो दुकानं रिलायन्सकडे गेली आणि मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली. म्हणजे दाराशी पाटी केवढीही मोठी असो, ती उतरू शकते. कामाला लागणाऱ्यानं पाटीपेक्षा कागदाकडे बघावं, असं मी म्हणते ते यासाठी.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी अशा मुलाखतीला गेली. पाटण तालुक्यातलं गाव, वडिलांचं छोटं किराणा दुकान. रांगेत तिच्यापुढे इंग्रजी फाडफाड बोलणारी मुलं होती, त्यामुळे ती धास्तावली होती. आत मॅनेजरनं टेबलावर एकाच कंपनीचे बिस्किटाचे दोन पुडे ठेवले आणि विचारलं, ‘यातला पुढे कुठला लावशील?’ तिनं दोन्ही उलटे केले, तारीख वाचली आणि लवकर संपणारा पुढे सरकवला. मग प्रश्न आला, गिऱ्हाइकानं पाचशेची नोट दिली, बिल तीनशे सदतीसचं झालं, परत किती? तिनं तोंडी सांगितलं, एकशे त्रेसष्ट. ‘शनिवार-रविवार सुट्टी मिळणार नाही, दिवाळीत तर नाहीच, चालेल?’ ती म्हणाली, ‘सर, आमच्या दुकानाला दिवाळीत कधीच सुट्टी नसते.’ तिची निवड झाली. ज्या मालाची मुदत आधी संपते तो आधी विकायचा, ही शिस्त मोठ्या कंपन्या प्रशिक्षणात शिकवतात. ती हे बापाच्या हाताखाली दहाव्या वर्षी शिकली होती, फक्त तिला कुणी त्याला कौशल्य म्हटलेलं नव्हतं.

खरी परीक्षा पुढे होती. आठ दिवसांनी ती पत्र घेऊन माझ्याकडे आली. इंग्रजीत चार पानं. वरती कंपनीची पाटी नव्हती, पुण्यातल्या कुठल्याशा मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीची होती. तिला वाटत होतं, आपण त्या मोठ्या कंपनीत लागलो. अंगावर त्यांचा टी-शर्ट, गळ्यात त्यांच्या रंगाची पट्टी, पण पगार देणारी एजन्सी, काढून टाकणारीही एजन्सीच. या धंद्यात याला ‘ऑफ-रोल’ म्हणतात. कंपनीच्या स्वतःच्या पटावरचा तो ‘ऑन-रोल’. एकाच काउंटरवर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलींमधला हा फरक गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. पगारवाढ, बढती, दिवाळीचा बोनस, सगळ्यांत तो फरक पडू शकतो.

तिसराही प्रकार आहे, आणि तो मला सर्वांत जास्त खटकतो. मुलाला शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलं जातं. १९६१च्या ॲप्रेंटिस कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार धरला जात नाही, त्याला मिळतं ते विद्यावेतन, आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी द्यायलाच हवी असं बंधन मालकावर सहसा नसतं. कायद्यात वाईट काही नाही. खरोखर शिकवलं तर वर्षभरात मूल तयार होतं. पण घरी पेढे वाटले जातात ‘पर्मनंट लागला’ म्हणून, आणि बाराव्या महिन्यात तो परत घरी. त्याला फसवलं असंही म्हणता येत नाही, सगळं पत्रात लिहिलेलं असतं. ते वाचून कुणी समजावलेलं नसतं एवढंच.

पगाराचंही तसंच. मुलं सीटीसीचा, म्हणजे मालकाला पडणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा ऐकून हरखतात. दाखल्यापुरता हिशेब मांडते. समजा महिन्याचा एकूण पगार १७,००० रुपये, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,०००. त्यावर बारा टक्के भविष्य निर्वाह निधी (पीएफ), म्हणजे १,६८० रुपये तुमच्याकडून आणि तेवढेच मालकाकडून. पगार २१,०००च्या आत असल्यानं कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू: तुमचा पाऊण टक्का, म्हणजे १२८ रुपये, मालकाचा सव्वातीन टक्के, म्हणजे ५५३. मालकाचा वाटाही धरून मुलाखतीत आकडा सांगतात १९,२३३. हातात येतात १५,१९२. चार हजारांचा फरक, आणि यात एका पैशाचीही लबाडी नाही. मुलगा असेल तर व्यवसाय कराचे आणखी दोनशे जातात; महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. हा हिशेब मी वर्गात फळ्यावर करून दाखवते, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही वहीत उतरवून घेतात.

हे कापलेले पैसे बुडीत समजू नका. पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर आयुष्यभर एकच राहतो, दुकान बदललं तरी. ईएसआयच्या कार्डावर आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांचेही उपचार होतात. पहिल्या पगारानंतर मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडून रक्कम जमा झाली का ते बघा. पगाराच्या स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात जमा दिसत नाही, अशी तक्रार माझ्या एका विद्यार्थ्याची होती. त्यानं एजन्सीला लेखी विचारल्यावर मागचे हप्ते भरले गेले.

दुसऱ्या एकाची कॅश रात्री शॉर्ट निघाली आणि पगारातून परस्पर कापली गेली. त्याला वाटलं, नियमच असेल. नियम असा आहे की नुकसान त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालं असेल तरच कापता येतं, आणि तेही त्याचं म्हणणं मांडायची संधी दिल्यावर.

आणि पाय. मुलाखतीत हा विषय कुणी काढत नाही, पण पहिल्या महिन्यात सोडून जाणारी कितीतरी मुलं पायांमुळे जातात. अख्खी पाळी उभ्यानं काढायची. केरळात कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका याच प्रश्नावर संघटित झाल्या. पी. विजी यांच्या ‘पेण्‌कूट्ट’ संघटनेनं वर्षानुवर्षं बसण्याचा हक्क मागितला आणि २०१८मध्ये केरळनं कायदा दुरुस्त करून तो दिला. २०२१मध्ये तमिळनाडूनंही दिला. गिऱ्हाईक नसताना चार मिनिटं स्टुलावर टेकता येणं, एवढ्याशा गोष्टीला कायदा करावा लागला, यावरून ती किती ठिकाणी नाकारली जात असेल याची कल्पना करा. तुम्ही खरेदीला जाता तेव्हा बिल करणाऱ्या मुलीच्या मागे स्टूल आहे का, हे एकदा बघाच.

फसवणुकीबद्दल थोडक्यात: नोंदणीसाठी, गणवेशासाठी, ‘लॅपटॉप डिपॉझिट’साठी जो पैसे मागेल तो नोकरी देणारा नाही. कंपनीचा लोगो छापलेलं पत्र आज कुणीही मोबाईलवर बनवू शकतं. दुकानात जाऊन मॅनेजरला विचारा, मग विश्वास ठेवा.

माझ्या त्या विद्यार्थिनीनं नोकरी स्वीकारली. एजन्सीचीच, पण समजून उमजून, आणि पहिल्याच दिवशी मॅनेजरला विचारून, की ऑन-रोल व्हायला काय लागतं. त्यानंही नीट उत्तर दिलं. आता ती किराणा विभागात सिनिअर आहे आणि कंपनीच्या अंतर्गत परीक्षेची तयारी करते आहे.

२१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण पाटणच्या मुलीच्या हातात चार पानं इंग्रजी ठेवून ते बंधन कसं पाळलं जाणार? महाराष्ट्रात शेकडो दुकानं चालवणाऱ्या कंपन्यांना आणि त्यांना माणसं पुरवणाऱ्या एजन्सींना माझी विनंती आहे: हे पत्र मराठीतही द्या, रुजू होण्याच्या आधी द्या, आणि पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहा की ही नोकरी कोणाकडे आहे, किती मुदतीची आहे आणि महिन्याला हातात किती पडतील. दुकानातल्या ऑफरच्या पाट्या तुम्ही मराठीत छापताच.