सकाळचा प्याला आणि खरा उतारा

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. वऱ्हाडातल्या माणसाला या दिवसाचे महात्म्य वेगळे सांगायला नको. आदल्या दिवशी बैलाला पुरणपोळीचा घास भरवणाऱ्या हातात कर उजाडली की पेला येतो, आणि रात्री उशिरापर्यंत तो खाली ठेवला जात नाही. त्याच्याही पुढची सकाळ मात्र कुठल्याच पंचांगात नसते. त्या सकाळी चिखलीच्या बसस्थानकाच्या परिसरात चहाच्या टपरीवर पाच मिनिटे उभे राहावे. कुणी डोके धरून बसलेला, कुणी उन्हाकडे पाठ करून बसलेला. एक जण लिंबू मागतो, दुसरा सोडा. तिसरा शेजाऱ्याच्या कानाशी लागून हळूच विचारतो, ‘उताऱ्याची काही सोय?’

‘उतारा’ या शब्दाची आपल्याकडे मोठी गंमत आहे. तहसीलच्या आवारात उतारा म्हणजे सातबारा. तिठ्यावर ओवाळून टाकलेला नारळ आणि लिंबू हाही उतारा. चिखलीपासून जवळच असलेल्या सैलानीच्या यात्रेत होळीच्या दिवशी भाविक अंगावरून नारळ उतरवून होळीत टाकतात. विषावर औषध देतात, तोही उताराच. आणि रात्रीच्या दारूवर सकाळी घेतलेली दारू, तिलाही आपण उताराच म्हणतो. आज बोलायचे आहे ते या शेवटच्या उताऱ्याविषयी. कारण बाकीच्या उताऱ्यांतून कुणाचे काही उतरत असेल किंवा नसेल. या उताऱ्याने मात्र चढतेच.

रविवारच्या पानावर, घरातल्या सगळ्यांसमोर, हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण ज्या घरात ही सकाळ उगवते, त्या घरात ती सगळ्यांच्याच वाट्याला येते. पोरे दबकून वावरतात, म्हातारी ओट्यावर गप्प बसते, आणि घरची बाई ताक घुसळते. तिला कुणीतरी नीट सांगायला हवे, की या डोकेदुखीचे कारण काय, त्यावर काय चालते आणि काय चालत नाही.

ज्याला आज सर्रास ‘हँगओव्हर’ म्हणतात, ते काही साहेबाबरोबर आलेले दुखणे नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर एक स्वतंत्र अध्याय आहे. सुश्रुताने तर पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम असे वेगवेगळे प्रकार सांगितले. म्हणजे दुखणे जुने, आणि त्यावरचे उपायही तितकेच जुने. नवे आहे ते त्यामागच्या कारणांचे ज्ञान.

त्यासाठी थोडे गणित मांडू. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरवर ४२.८ टक्के असा आकडा असतो. म्हणजे त्या बाटलीत सुमारे ७७ मिलिलिटर, वजनाने ६० ग्रॅमच्या आसपास, शुद्ध मद्यार्क. माणसाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निपटते. भागाकार केला की उत्तर येते सात-आठ तास. रात्री अकराला क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात पहाटे पाचलाही दारू असते. दोन क्वार्टर झाल्या असतील तर दुपारपर्यंत. ‘रात्रीची केव्हाच उतरली’ म्हणत जो आठ वाजता मोटारसायकलला किक मारतो, त्याची उतरलेली नसते. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असलेल्याने वाहन चालवणे गुन्हा आहे. दारू रात्रीची की सकाळची, हे कायदा विचारत नाही. सोयाबीनच्या हंगामातले मळणीयंत्रही ते विचारत नाही.

यकृताच्या या घड्याळाला घाई करता येत नाही, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. गार पाण्याची आंघोळ, काळी कॉफी, बळेच काढलेली ओकारी, यांतले काहीही त्याचा काटा पुढे सरकवत नाही. कॉफीने डोळे उघडतात, दारू उतरत नाही.

मग डोके का दुखते? एकच कारण नाही. यकृत मद्यार्काचे आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य करते. ते विषारी. त्याचे पुढे निरुपद्रवी द्रव्य होते, पण मध्ये जो वेळ जातो त्यात अंगाला त्रास होतो. मूत्र रोखून धरणारे जे संप्रेरक मेंदूतून येते, ते दारूमुळे दबते. म्हणून लघवी जास्त, तोंड कोरडे. जठराचे अस्तर चुरचुरते, म्हणून मळमळ. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा खवळते, म्हणून ताप आल्यासारखे अंग मोडते. दारूने झोप लवकर येते, पण उत्तररात्री ती पार विस्कटते; आठ तास लोळूनही माणूस शिणलेला उठतो. रम, व्हिस्की, ब्रँडी अशा गडद दारूंमध्ये आंबवण्याच्या आणि मुरवण्याच्या काळात तयार झालेली इतर द्रव्ये जास्त असतात, त्यामुळे त्यांचा त्रास पांढऱ्या दारूपेक्षा अधिक. आणि सर्वांत चमत्कारिक बाब अशी, की हे सारे हाल कळसाला पोहोचतात ते रक्तातली दारू संपत आल्यावर. म्हणजे नशा गेली की हिशेब सुरू.

इथेच उताऱ्याचे रहस्य आहे. सकाळी पुन्हा घोटभर घेतली की बरे का वाटते? एक तर रक्तातला दारूचा आकडा पुन्हा वर जातो आणि हिशेब पुढे ढकलला जातो. दुसरे, दारूत अंशमात्र मिथेनॉल असते. यकृत त्याच्याकडे शेवटी वळते आणि त्यातून त्रासदायक द्रव्ये तयार होतात. नवी दारू आली की यकृत आधी तिच्यामागे लागते, मिथेनॉल तसेच राहते. चरकानेही मदात्ययावर मद्याचीच योजना सांगितली आहे. पण ती वैद्याच्या देखरेखीखाली आणि मोजून. टपरीमागे उभ्याने मारलेल्या नाईंटीला चरकाचा आधार देऊ नये. हे कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढण्यासारखे आहे, आणि त्याचा शेवट काय होतो हे आपल्या भागाला कुणी शिकवायला नको.

मिथेनॉलचा विषय निघालाच आहे, तर एक इशारा. १९९१च्या अखेरीस विक्रोळीत आणि जून २०१५मध्ये मालवणीत विषारी दारूने बळी घेतले. मालवणीत तर शंभरांहून अधिक. दोन्ही ठिकाणी दारूत मिथेनॉल होते. या विषाची लक्षणे पुष्कळदा दुसऱ्या दिवशी दिसतात, त्यामुळे माणसाला आणि घरच्यांना वाटते की रात्रीचीच आहे, झोपला की बरे वाटेल. हातभट्टीची किंवा उघडी, सुटी दारू प्यायलेल्या माणसाला धुरकट दिसू लागले, पोटात कळा आल्या, श्वास जोरात चालू लागला, तर लिंबू कापत बसू नका. १०८ला फोन करा. तास-दोन तासांच्या उशिराने डोळे जातात, जीवही जातो. तसेच हाक मारून न उठणाऱ्या, अंग गार पडलेल्या, श्वास मंद झालेल्या माणसाला ‘झोपू द्या’ म्हणू नये. त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि दवाखाना गाठावा.

साध्या त्रासाला मात्र साधेच उपाय. पाणी, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी, जिरे लावलेले पातळ ताक, ज्वारीची आंबील, वरण-भात. ठेचा आणि तर्री त्या दिवशी लांब ठेवावी. जठर आधीच पेटलेले असते. अंधारी खोली आणि झोप. गोळी घेताना विचार करावा: पॅरासिटामॉलचा भार यकृतावर पडतो, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन जठराला टोचतात. यांतल्या कशानेही दुखणे मुळातून जात नाही, फक्त दिवस सुसह्य होतो. २००५मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा उपायांच्या चाचण्यांचा आढावा आला, एकाही उपायाचा ठोस पुरावा सापडला नाही. २०२२च्या सुमारास आणखी एकवीस चाचण्या तपासल्या गेल्या, त्यांत आपल्या ओळखीच्या लवंगेचा अर्कही होता. पुरावा पुन्हा कच्चाच निघाला. तेव्हा ‘हँगओव्हर गायब’ असे छापलेल्या पुड्या आणि बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

टाळायचे कसे, याचे उत्तर इतके सोपे आहे की ते कुणाला आवडत नाही: कमी प्यावी, किंवा पिऊच नये. जेवून घेतल्याने दारू रक्तात सावकाश उतरते. म्हणून आधी भाकरी-वरण खाल्लेले बरे, खारे शेंगदाणे आणि फरसाण म्हणजे जेवण नव्हे. मध्ये मध्ये पाणी प्यावे. ‘बिअर आधी की व्हिस्की आधी’ या वादात अर्थ नाही. एकूण किती, एवढेच शरीर मोजते. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट केले आहे, की आरोग्याला निर्धोक म्हणावे असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही.

आता खरी गोष्ट. वर्षातून करीला किंवा धुळवडीला डोके दुखणे वेगळे, आणि रोज सकाळी हात थरथरणे वेगळे. दुसऱ्याला हँगओव्हर म्हणत नाहीत. ती व्यसनाची खूण आहे. अशा माणसाने दारू एकदम तोडली, तर घाम फुटतो, झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो. भिंतीवर किडे, साप दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणे सुरू होते. घरच्यांना वाटते, बाहेरचे काही लागले. मग देवऋषी, मग उतारा. श्रद्धा जिथे असेल तिथे असू द्या, पण आधी ग्रामीण रुग्णालय किंवा बुलडाण्याचे जिल्हा रुग्णालय गाठा. हा भ्रम औषधाने बरा होतो, आणि औषध न मिळाल्यास जीव घेऊ शकतो.

आणखी एक चूक घरातल्या मायाळू माणसांकडून होते. ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती पाहून बायका डाळीतून पूड घालतात. त्यात डायसल्फिराम असू शकते. ते मघाच्या ॲसिटाल्डिहाइडचे पुढचे पचन अडवते, म्हणजे त्या विषाला अंगातच कोंडते. त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांच्या हाती ते औषध आहे; गुपचूप दिले तर तो जीवाशी खेळ. सोडायचे त्याच्या संमतीने सोडावे लागते. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६पासून हेच काम माणसाला माणूस मानून केले आहे.

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९मध्ये आपल्या विदर्भातल्या सावनेरला वारले, आणि त्यानंतर लगेचच ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. वकील सुधाकराच्या संसाराची राख त्या एका प्याल्याने कशी केली, हे महाराष्ट्राने तेव्हापासून पाहिले आहे. गडकऱ्यांनी बोट दाखवले ते पहिल्या प्याल्याकडे. आम्हाला त्यात थोडी भर घालावीशी वाटते. रात्रीचा पहिला प्याला हौसेचा असेल, संगतीचा असेल. त्याला शंभर निमित्ते असतात. सकाळचा प्याला मात्र गरजेचा असतो, आणि गरज लागली की माणूस तिचा चाकर होतो. जी सकाळ डोकेदुखी सोसून, ताक पिऊन, मुकाट निघून जाते ती बरी. तिने काही तरी शिकवलेले असते. जी सकाळ उताऱ्याने गोड केली जाते, ती दुसऱ्या सकाळला बोलावते.

म्हणून टपरीवर कुणी ‘उताऱ्याची सोय’ विचारली, तर शेजाऱ्याने त्याला पाण्याचा तांब्या द्यावा आणि घरी पोहोचवावे. नाही तर रोजचा हा उतारा शोधता शोधता एक दिवस तो तहसीलच्या आवारात उभा राहतो, दुसऱ्या उताऱ्यासाठी. त्या कागदावरचे नाव एकदा उतरले, की ते पुन्हा चढवायला लिंबू, ताक किंवा आंबील कामाला येत नाही.