‘सांगितलं होतं ना!’ म्हणणाऱ्या काकूंसाठी



गोकर्णहून परत आले त्या दिवसापासून मंदिरात, भिशीत, अगदी भाजीच्या गाड्यापाशीसुद्धा एकच वाक्य ऐकतेय. "सांगितलं होतं ना, बायकांनी असं पाठीला पिशवी लावून हिंडायचं नसतं!"

होय, गोकर्णनं निराशा केली. लेकीनं मोबाइलवर दाखवलेला समुद्र वेगळा आणि तिथला वेगळा. कुडले बीचच्या वाळूत बाटल्यांची झाकणं. ओम बीचचा ॐ वरच्या टेकाडावरून छान दिसतो, पण खाली उतरलं की कानाशी स्पीकर. जेवणाचे तर हालच. हॉटेलांच्या शेगड्या पेटणार सूर्य बुडाल्यावर, आणि आमचं अंथऊ त्याआधी. एकानं मोठ्या कौतुकानं ‘जैन भाजी’ आणली. कांदा काढलेला होता, बटाटा तसाच! तीन दिवस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि केळी.

बरं, मग?

आमचे हे दरवर्षी मित्रांबरोबर गोव्याला जातात. एकदा खोली गळकी निघाली, एकदा गाडी बंद पडून अख्खी रात्र रस्त्यात गेली. पुरुषांनी हिंडू नये असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. त्यांची फजिती चहाबरोबर सांगायचा किस्सा होते. आमची फजिती मात्र पुरावा होते. बाईला दहा वर्षांत एक सहल मिळणार, आणि ती चांगलीच व्हायला हवी, नाहीतर पुढची बंद. हा हिशेब कुणी घातला?

"त्यापेक्षा शिखरजीला जायचं." गेलेय, दोनदा. पहाडाची २७ किलोमीटरची वंदना पायी केली तेव्हा माझ्या गुडघ्यांची कुणी चौकशी केली नाही. पाठीवर सात किलोची बॅग आली आणि सगळ्यांना माझ्या कमरेची काळजी लागली.

धर्म बुडतो म्हणाल, तर आपल्या आर्यिका माताजी पिंछी-कमंडलू घेऊन गावोगाव अनवाणी विहार करतात. त्यांची-माझी बरोबरी नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण बाईनं लांब पायी जाणं धर्मात बसत नाही, असं मला कुणी शिकवू नये. पाणी गाळायचं फडकं बॅगेत होतं. चार दिवसांत माझा एकही नियम मोडला नाही. घरी मात्र मोडतो. पाहुण्यांची ताटं वाढता वाढता माझं अंथऊ चुकतं, तेव्हा कुणाला धर्म आठवत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. चौथ्या दिवशी समुद्राला कंटाळून आम्ही मिर्जानला गेलो, तिथून वीसेक किलोमीटर. जांभ्या दगडाचा किल्ला, तटावर गवत, माणूस जवळजवळ नाहीच. हा किल्ला गेरसोप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीनं बांधला असं सांगतात. सोळाव्या शतकातली राणी, आणि जैन! तिचा मिरीचा व्यापार एवढा मोठा, की पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणायचे. मी लहानपणापासून पाठशाळेत गेले, पर्युषणात इतकी प्रवचनं ऐकली, तिचं नाव एकदाही कानावर आलं नव्हतं. लेक म्हणाली, "आई, बीच चांगला असता तर आपण इथे आलोच नसतो." खरंच नसतो आलो.

लेकीची परीक्षा झाली की आता गेरसोप्प्याला जायचं ठरलंय. शरावतीच्या काठी, जंगलात चतुर्मुख बसदी आहे. तिथेही काही ना काही बिघडेलच. एसटी चुकेल, खोली बरी नसेल. ज्या काकूंना ‘सांगितलं होतं ना’ म्हणायचंय, त्यांनी आत्ताच म्हणून घ्यावं.

बॅग मी माळ्यावर टाकलेली नाही. फडकं एक जास्तीचं आहे, कुणाला बरोबर यायचं असेल तर तेही कळवा.