कधी कधी अंगणही वाकडे असते

नाशिककर ज्याला ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात, त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर गोल्फ सोडून बाकी सगळे दिसते. सकाळी फिरायला येणारी मंडळी, पोरांचे क्रिकेट, कधी रणजीचा सामना. तेव्हा गोल्फ हा शब्द आपल्याला नवा नाही, खेळ मात्र बहुतेकांना लांबचा. आज मी त्याच खेळाबद्दल लिहिणार आहे. पण वाचकहो, पान उलटू नका. विषय तुमच्या कोपराचा आणि कमरेचाही आहे.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी गोल्फ खेळू लागलो. चालणे भरपूर, धावपळ नाही, म्हणून हा खेळ निवडला. एका स्नेह्याने आपला जुना सेट दिला. स्नेही सहा फुटी, मी पाच फूट चार इंच. पण काठी ती काठी, असे म्हणून मी खेळत राहिलो. चार महिन्यांत उजव्या कोपराची आतली बाजू ठणकू लागली. चहाचा कप उचलताना कळ यायची. कंबर तर रोजचीच झाली. वेदनाशामक गोळ्या झाल्या, शेक झाला, एक इंजेक्शनही झाले. ‘वय झाले’ असे निदान मी स्वतःच करून टाकले आणि सेट माळ्यावर टाकायचे ठरवले.

त्यापूर्वी पुण्यात एका प्रशिक्षकाला सहज दाखवले. त्यांनी माझे कोपर पाहिलेच नाही. आधी माझी काठी पाहिली. मग मला बूट घालून सरळ उभे केले, हात सैल सोडायला सांगितले आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजले. काठीची लांबी नुसत्या उंचीवरून ठरत नाही. दोन माणसे सारख्या उंचीची असली तरी हात लांब-आखूड असू शकतात. मग क्लबच्या तळाला पट्टी चिकटवून कडक फळीवरून चेंडू मारायला लावले. पट्टीवरची खूण मधोमध यायला हवी, माझी टाचेकडे आली. म्हणजे क्लबचे टोक हवेत आणि टाच जमिनीवर. चेंडू डावीकडे का जातो ते कळले, आणि प्रत्येक फटक्याला हाताला हिसका का बसतो तेही कळले.

सगळ्यात वाईट होती मूठ. तिचे रबर जुने होऊन कडक आणि गुळगुळीत झाले होते. काठी निसटू नये म्हणून मी ती नकळत आवळून धरत होतो. बोटे मिटणारे आणि मनगट आत वळवणारे स्नायू कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्याला चिकटलेले असतात. आवळणे आणि हिसका यांचा सगळा ताण तिथेच साठतो. या दुखण्याला ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणतात. गोल्फचा चेंडू कधी न पाहिलेल्या सुताराला, गवंड्यालाही ते होते.

नवा सेट घ्यावा लागला नाही. दांडे अर्धा इंच कापले, लोखंडी क्लबची मान यंत्रात धरून दोन अंश वाकवली, नव्या मुठी बसवल्या. नियमाप्रमाणे खेळताना जास्तीत जास्त चौदा क्लब बाळगता येतात. प्रशिक्षकांनी मला सातच ठेवायला सांगितले. ओझे कमी, गोंधळही कमी. सहा आठवडे विश्रांती आणि मनगटाचे व्यायाम केले, मग हळूहळू पुन्हा सुरुवात केली. नुसत्या काठीने मी बरा झालो असे म्हणणार नाही. पण काठी तशीच ठेवली असती, तर बरा झालेला हात पुन्हा दुखला असता.

हे सगळे आनंदाने सांगत असलो तरी मनात एक बोच आहे. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे कोपर दुखते म्हणून आल्या होत्या. शाळा सुटल्यावर त्या तासभर बॅडमिंटन खेळत. मी दोन मिनिटांत सांगून मोकळा झालो, “बाई, आता खेळ बंद करा.” त्यांनी ऐकले. पुण्याहून आल्यावर एकदा त्या बाजारात भेटल्या. मी विचारले, “रॅकेट कोणती होती तुमची?” त्या म्हणाल्या, “मिस्टरांची. मूठ जाड होती, हातात मावायची नाही. पण ते तुम्ही विचारलंच नाहीत.” मग हसून म्हणाल्या, “कोपर थांबलं डॉक्टर, पण आता संध्याकाळ जात नाही. शुगरपण निघाली.” मला उत्तर देता आले नाही.

आम्ही डॉक्टर दुखरा अवयव तपासतो, हातातली वस्तू तपासत नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण फार लवकर तोंडावर फेकतो. माझे म्हणणे एवढेच, की कधी कधी अंगणही वाकडे असते. ते बघितल्याशिवाय नाच बंद करायला सांगू नये. साधन बदलणे स्वस्त असते, सुटलेला व्यायाम महाग पडतो.

तेव्हा खेळणाऱ्यांनी एवढे करावे. दुसऱ्याचे साधन वापरण्याआधी ते आपल्या मापाचे आहे का ते पाहावे. मुलाला ‘वाढत्या अंगाची’ बॅट घेऊ नये, बॅट म्हणजे गणवेश नव्हे. मूठ गुळगुळीत झाली की बदलावी. सायकलची सीट उंचीप्रमाणे लावून घ्यावी. खेळण्याआधी दहा मिनिटे अंग मोकळे करावे. आणि घरातल्या ओट्याची उंची एकदा तपासावी. तिथे रोज कोणाची तरी कंबर वाकते आहे.

मात्र हाताला मुंग्या येत असतील, पकड कमजोर झाली असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर काठीला दोष देत बसू नये. श्रम करताना डावा हात दुखून छाती भरून येत असेल, तर तडक दवाखाना गाठावा.

आणि डॉक्टरांकडे जाताना जमल्यास आपली रॅकेट, बॅट बरोबर न्यावी. माझ्या दवाखान्यात आता त्यासाठी कोपऱ्यात जागा केली आहे.