आदियातचे घोडे

डिसेंबर लागला की प्रकाशातल्या आमच्या घरात एकच विषय असतो. "अब्बू, सारंगखेड्याला कधी जायचं?" दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार भरतो. पंजाब, राजस्थान, गुजरातहून घोडे येतात.

मागे एका नातेवाइकाने मला टोकलं, "मास्तर असून पोरांना यात्रेत नेता?" नेतो. माझ्या मुलांना सूरह आदियात पाठ आहे. तिची सुरुवातच धावत्या घोड्यांच्या शपथेने होते. त्यांची धाप, टापांच्या ठिणग्या, उडणारी धूळ. अर्थ मी कितीदा सांगितला, पण धाकटीला तो कळला बाजारात, मारवाडी घोडा समोरून धावला तेव्हा. "अब्बू, हेच ना ते?" म्हणाली.

ज्याची श्रद्धा आहे तो दर्शन घेतो. आम्ही घोडे पाहतो, पाळण्यात बसतो, गरम जिलेबी खातो आणि असरची नमाज तापीकाठी अदा करतो. आजवर आम्हाला कुणी अडवलं नाही.

ईमान घरातल्या तालीमने पक्कं होतं, शेजाऱ्याची जत्रा टाळून नव्हे. आज मुलांना तिथे नेलं नाही, तर उद्या त्यांना शेजारी फक्त मोबाईलवर भेटेल. आणि त्यांना आपली मुलं.

मोबाईलवर ही ओळख कोण आणि कशी करून देतं, हे आपण रोज पाहतोच आहोत.