विकणाऱ्याच्या बाजूने कोण?

घर घेणाऱ्याला सल्ला द्यायला सगळे तयार असतात. विकणाऱ्याला मात्र एकच ऐकवलं जातं, "भाव चांगला मिळतोय, सही करून टाका." ठाण्यात दस्तनोंदणीची कामं करताना मला सर्वांत जास्त काळजी याच माणसाची वाटते. अनेकदा तो सत्तरी ओलांडलेला असतो आणि त्याची आयुष्याची कमाई त्या एका फ्लॅटमध्ये असते.

डोंबिवलीतल्या एका आजी-आजोबांचंच बघा. भाव ठरला ८० लाख. एजंटने घाई केली आणि दोन लाखांच्या टोकनवर साठेखत नोंदवून झालं. पुढे खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झालं. आजोबा म्हणाले, व्यवहार फिसकटला, दुसरं गिऱ्हाईक बघू. पण नोंदवलेलं साठेखत आपोआप पुसलं जात नाही. त्याचा रद्दलेख करायचा तर दुय्यम निबंधकाकडे खरेदीदाराचीही सही लागते, आणि तो फोन उचलेना. नव्या गिऱ्हाइकाच्या बँकेला शोध अहवालात जुना दस्त दिसला, तिने कर्ज नाकारलं. राहिला तो दिवाणी कोर्टाचा रस्ता.

कर्जाचं मंजुरीपत्र पाहिल्याशिवाय साठेखत नोंदवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नोंदणीच्या दिवशी, सही करण्यापूर्वी, खरेदीदाराचा स्वतःचा हिस्सा विकणाऱ्याच्या खात्यात आलेला असावा. ही मागणी अवाजवी नाही. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेने किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. म्हणजे ८० लाखांच्या घरावर ६४ लाखांपेक्षा जास्त कर्ज मिळणार नाही. उरलेले १६ लाख खरेदीदाराला पदरचे घालायचेच आहेत, मग ते त्या दिवशी का नकोत? बाकीची रक्कम कोणत्या तारखेपर्यंत येणार, ती चुकली तर रद्दलेखावर सही कधी करणार, हेही मसुद्यात लिहून घ्यावं.

"थोडे रोख घ्या, कर वाचेल," हा सल्ला तर घातक आहे. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि घेतली तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. किंमत रेडी रेकनरपेक्षा फार कमी दाखवूनही उपयोग नाही. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कर रेडी रेकनरच्या दराने मोजला जातो. ५० लाख आणि त्यापुढच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो. ८० लाखांच्या घरावर कापलेले ते ८० हजार आपल्या पॅनवर जमा झाले की नाही, हे बघायला विसरू नये.

सोसायटी हस्तांतरणासाठी २५ हजारांपेक्षा जास्त प्रीमियम घेऊ शकत नाही. "देणगी" मागितली तर लेखी मागणीपत्र मागा.

परगावी, परदेशी राहून फोनवरून आई-वडिलांचं घर विकणाऱ्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे. एजंटने आणलेल्या वकिलावर विसंबू नका, मसुदा आपल्या वकिलाकडून वाचून घ्या. आणि शेवटचा रुपया खात्यात जमा झाल्याशिवाय घराची किल्ली कोणालाही देऊ देऊ नका, फर्निचरचं माप घ्यायलासुद्धा नाही.