लोहाच्या गोळ्या निष्फळ ठरतात तेव्हा
महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्तक्षय हटत नसेल, तर मात्रा वाढवीत राहणे हा उपाय नव्हे. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभभागात शोषले जाते. सीलिअ‍ॅक विकारात गहू, जव यांतील ग्लुटेनामुळे नेमके तेथीलच अंकुर झिजतात. गव्हाचा हा दोष डच बालरोगतज्ज्ञ डिके यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडला होता. जुलाब नसले तरी हा विकार असू शकतो. कित्येकदा रक्तक्षय हीच त्याची एकमेव खूण असते. म्हणून, निदान गहू हे मुख्य अन्न असलेल्या पंजाब-हरियाणात तरी, अशा रोग्याच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली जावीत, आणि तीही गहू सोडण्यापूर्वी. पथ्यानंतर ती ओसरतात व निदान हुकते. रक्तक्षय हे लक्षण होय. त्याचे कारण शोधल्यावाचून चिकित्सा पुरी होत नाही.